मूठ हाताला, कळ बोटाला

शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना मस्तानीच्या कबरीमुळे ठाऊक असते. शिक्षणक्षेत्रात वावरणाऱ्यांना मात्र ते विज्ञान आश्रमामुळे अधिक परिचयाचे आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवलेले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात दीर्घकाळ काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये या अवर्षणप्रवण गावात येऊन आश्रमाची स्थापना केली. हात आणि बुद्धी यांची शिक्षणाने केलेली फारकत मिटवावी, मुलांनी प्रत्यक्ष काम करता करता शिकावे, हा त्यामागचा विचार होता. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशा विभागांत काम करत शिकणारी मुले तेथे वेल्डिंग करतात, बांधकाम करतात, विजेची जोडणी करतात आणि रोपवाटिकाही सांभाळतात.

अशा कार्यशाळेत रुळलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी वेगळी शिकवावी लागत नाही. हत्यार दुकानातून येते ते कुणाच्याही हातासाठी बनवलेले असते. ते आपल्या हाताचे व्हायला हवे असेल, तर त्याची मूठ तासावी लागते, दांडा बदलावा लागतो, धार आपल्या कामाच्या बेताने लावावी लागते. सुतार आणि लोहार हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. मग दिवसाचे आठ-दहा तास संगणकासमोर बसणाऱ्या शहरी माणसाने आपल्या हत्याराची, म्हणजे कळफलकाची मूठ कधी तासली आहे काय?

बहुतेकांचे उत्तर नकारार्थी असेल. कळा जशा मिळाल्या तशा वापरायच्या आणि शॉर्टकट जसे शिकवले गेले तसे पाठ करायचे, हीच सर्वत्र रीत आहे. कळेचा अर्थ बदलता येतो, एवढेच नव्हे तर तो वापरणाऱ्याने बदलावा याच अपेक्षेने काही सॉफ्टवेअर घडवलेली आहेत, हे पुष्कळांना माहीतही नसते. ‘मजकूर-संपादक’ अर्थात टेक्स्ट एडिटर या वर्गातील ईमॅक्स आणि व्हिम ही त्यांपैकी सर्वांत जुनी आणि आजही नित्य वापरात असलेली दोन नावे.

कळांच्या जागा आल्या कुठून?

आजच्या कळफलकावरील रोमन अक्षरांची मांडणी एकोणिसाव्या शतकातील टंकलेखन यंत्रांकडून आली आहे. शॉर्टकटचा इतिहास तुलनेने अलीकडचा असला, तरी तोही असाच योगायोगांनी भरलेला आहे.

‘व्हीआय’ या संपादकाचेच उदाहरण घ्यावे. बिल जॉय यांनी बर्कले येथे सत्तरच्या दशकात तो लिहिला. त्यात मजकुरातून डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे जाण्यासाठी एच, जे, के आणि एल ही चार अक्षरे वापरली जातात. ही चारच का, तर जॉय ज्या ‘एडीएम-३ए’ या टर्मिनलवर काम करत होते, त्यावर बाणांसाठी वेगळ्या कळा नव्हत्या. या चार अक्षरांच्या कळांवरच बाण छापलेले होते. त्या टर्मिनलवर एस्केपची कळही आज टॅबची कळ असते तिथे, करंगळीच्या टप्प्यात होती. म्हणून ‘व्हीआय’ मध्ये पदोपदी एस्केप दाबणे तेव्हा कुणाला जाचक वाटले नाही. टर्मिनल अडगळीत गेले, एस्केप कोपऱ्यात सरकली; सवय मात्र ‘व्हीआय’ चा वारस असलेल्या व्हिममध्ये कायम राहिली.

ईमॅक्सची कथा याहून रंजक आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात ‘एमआयटी’ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ‘टेको’ नावाचा संपादक वापरला जात असे. त्यात कोणत्याही कळेला स्वतः लिहिलेली छोटी आज्ञावली जोडण्याची सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी केली. मग जो तो आपापल्या कळा ठरवू लागला. थोड्याच काळात अशी वेळ आली की, एकाच्या यंत्रावर दुसरा बसला तर त्याला काहीच उमगेना. प्रत्येकाची भाषा वेगळी झाली होती. या विखुरलेल्या आज्ञावलींतून एक समान संच तयार करण्याचे काम गाय स्टील यांनी सुरू केले, ते स्टॉलमन यांनी पुढे नेले आणि १९७६ मध्ये ईमॅक्स आकाराला आला. मुभा आणि शिस्त यांची ही ओढाताण ईमॅक्सच्या जन्मातच आहे. तिच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

ईमॅक्समध्ये कंट्रोल कळेचा वापर फार. ज्या ‘लिस्प’ यंत्रांवर तो पुढे रुळला, त्यांच्या कळफलकावर कंट्रोलची कळ स्पेसबारला लागून, अंगठ्याच्या आवाक्यात होती. आजच्या कळफलकावर ती खालच्या कोपऱ्यात गेली आणि सगळा भार करंगळीवर आला. ईमॅक्स वापरणाऱ्यांत करंगळीचे दुखणे हा विनोदाचा आणि तितकाच गंभीर विषय आहे. फारशी उपयोगात नसलेली कॅप्स लॉक मात्र ‘ए’ च्या शेजारी मोक्याची जागा अडवून बसली आहे. त्यामुळे या दोन कळांची अदलाबदल करणे हा पुष्कळांचा पहिला बदल ठरतो. हा बदल संपादकात नव्हे, तर संगणकाच्या कार्यप्रणालीच्या पातळीवर करायचा असतो.

१९८३ चा योगायोग

स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली ती सप्टेंबर १९८३ मध्ये. म्हणजे पाबळच्या विज्ञान आश्रमाच्या स्थापनेच्याच वर्षी. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण दोन्हींच्या मुळाशी असलेला आग्रह एकमेकांच्या जवळचा आहे. प्रयोगशाळेत आलेल्या एका नव्या लेसर प्रिंटरची मूळ आज्ञावली मिळाली नाही, म्हणून कागद अडकल्याची सूचना देणारी साधी सुधारणाही त्यात करता आली नाही, हा अनुभव स्टॉलमन अनेकदा सांगत आले आहेत. आपले यंत्र आपल्याला उघडता आले पाहिजे, दुरुस्त करता आले पाहिजे, हा विचार त्यातून बळावला. ‘ग्नू ईमॅक्स’ १९८५ मध्ये सर्वांना उपलब्ध झाला. तो आजही विनामूल्य आहे आणि त्याची संपूर्ण आज्ञावली कुणालाही वाचता आणि बदलता येते.

पुढे २००२ मध्ये ‘एमआयटी’ आणि पाबळ यांचा प्रत्यक्ष संबंध आला. ‘एमआयटी’ च्या ‘सेंटर फॉर बिट्स अँड अ‍ॅटम्स’ चे प्रमुख नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने विज्ञान आश्रमात ‘फॅब लॅब’ सुरू झाली. संगणकावरच्या आराखड्याबरहुकूम लाकूड, प्लॅस्टिक वा तांब्याचा पत्रा कापणारी, इलेक्ट्रॉनिक मंडलाची पाटी कोरणारी यंत्रे तेथे आली. ‘एमआयटी’ बाहेरच्या अगदी पहिल्या अशा प्रयोगशाळांत पाबळची गणना होते. डॉ. कलबाग यांचे २००३ मध्ये निधन झाले, पण काम थांबले नाही. जगभरच्या फॅब लॅबना जोडणाऱ्या ‘फॅब अकादमी’ या अभ्यासक्रमातही पाबळचा सहभाग राहिला. त्यात शिकणाऱ्याला दर आठवड्याच्या कामाची नोंद स्वतःच्या पानावर लिहावी लागते. ती कोणत्या संपादकात लिहावी, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. कापणारे यंत्र संगणकाच्या हुकमाने चालते, आणि संगणक हुकूम घेतो तो अखेर कळफलकावरून. म्हणजे कार्यशाळेतील हत्यारांच्या मांडणीवर आता हेही एक हत्यार आले आहे.

कळ दाबली की काय घडते?

कळा बदलण्याआधी कळ आणि काम यांचे नाते समजून घ्यायला हवे. सर्वसाधारण वापरणाऱ्याची समजूत अशी असते की, ‘ए’ दाबले की ‘ए’ उमटते हा कळफलकाचा निसर्गधर्मच आहे. ईमॅक्समध्ये तसे नाही. तिथे प्रत्येक कळ ही एखाद्या आज्ञेची केवळ खूण असते. ‘ए’ ही कळसुद्धा ‘दाबलेले अक्षर स्वतःच उमटव’ या आज्ञेला जोडलेली आहे. ही जोडणी ज्या तक्त्यात नोंदलेली असते त्याला कीमॅप, म्हणजे कळांचा नकाशा म्हणतात. तक्त्यातील नोंद बदलली की कळेचा अर्थ बदलला. अवघ्या विषयाचे मर्म एवढेच आहे.

असे नकाशे एक नसून अनेक असतात आणि ते एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे काम करतात. सर्वांत खाली सर्वत्र लागू असलेला सामान्य नकाशा. त्यावर, ज्या प्रकारचा मजकूर समोर आहे त्याचा नकाशा. पत्र लिहिताना एक, संगणकीय आज्ञावली लिहिताना दुसरा. त्याच्याही वर, तात्पुरत्या चालू केलेल्या एखाद्या सोयीचा नकाशा. कळ दाबली की ईमॅक्स वरून खाली पाहत जातो आणि जिथे प्रथम नोंद सापडेल तिथली आज्ञा पाळतो. आपण ठरवलेली कळ एका ठिकाणी चालते आणि दुसरीकडे चालत नाही, ही नवख्यांची नेहमीची तक्रार असते. तिचे उत्तर बहुधा याच थरांमध्ये दडलेले असते.

कळा जेमतेम शंभर आणि आज्ञा हजारो. त्यामुळे एकेका कळेने भागत नाही. मग दोन कळांची साखळी करावी लागते. कंट्रोल दाबून धरून एक्स आणि लगेच कंट्रोल दाबून धरून एस, असे केले की मजकूर जतन होतो. यात कंट्रोल-एक्स ही स्वतः काही करत नाही. ती एका वेगळ्या दालनाचे दार उघडते. पुढची कळ त्या दालनातली वस्तू निवडते.

बदल करावा कसा?

पहिली पायरी बदलाची नव्हे, चौकशीची. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एच आणि मग के दाबून कोणतीही कळ दाबली, की ती कळ कोणत्या आज्ञेला जोडली आहे आणि ती आज्ञा काय करते, याची माहिती पडद्यावर येते. कंट्रोल-एच आणि बी दाबले की त्या क्षणी लागू असलेल्या सर्व कळांची यादीच समोर येते. एखाद्या आज्ञेला कळ आहे की नाही हे पाहायचे असेल, तर कंट्रोल-एच आणि डब्ल्यू. हत्यारानेच हत्याराची माहिती द्यावी, अशी ही रचना आहे.

दुसरी पायरी म्हणजे आपल्या कामाचे निरीक्षण. दिवसभरात कोणती गोष्ट वीस वेळा करावी लागते? उदाहरणार्थ, मराठी मजकूर हाताळणाऱ्याकडे बाहेरून येणाऱ्या बातमीत वा तक्त्यात आकडे रोमन लिपीत असतात आणि छापायचे असतात देवनागरीत. दहा अंकांसाठी दहा वेळा ‘शोधा आणि बदला’ करणे हा शुद्ध छळ आहे. निवडलेल्या मजकुरातील दहाही अंक बदलणारी पाच-सात ओळींची आज्ञा ईमॅक्सच्या लिस्प भाषेत लिहिता येते. गंमत अशी की, त्या आज्ञेचे नाव ‘मराठी-अंक’ असे देवनागरीतही ठेवता येते. ईमॅक्सची त्याला हरकत नसते.

तिसरी पायरी म्हणजे या आज्ञेला कळ देणे. ईमॅक्स सुरू होताना वापरणाऱ्याची एक व्यक्तिगत फाइल वाचतो. त्या फाइलमध्ये एका कंसात तीन गोष्टी लिहायच्या: सामान्य नकाशात नोंद करण्याची सूचना, हवी असलेली कळ आणि आज्ञेचे नाव. जुन्या आवृत्त्यांत या सूचनेचे नाव ‘ग्लोबल-सेट-की’ असे होते व ते आजही चालते. २०२३ मध्ये आलेल्या २९ व्या आवृत्तीपासून ‘कीमॅप-ग्लोबल-सेट’ ही अधिक काटेकोर सूचना मिळाली आहे. कळेचे नाव चुकले तर ती तिथेच हटकते.

कोणती कळ निवडावी, याबाबत ईमॅक्समध्ये एक सभ्य संकेत पाळला जातो. कंट्रोल-सी दाबून त्यानंतर एखादे रोमन अक्षर, एवढी जागा संपूर्णपणे वापरणाऱ्याची. त्याचप्रमाणे एफ-५ ते एफ-९ या कळाही त्याच्याच. ईमॅक्ससाठी जोडसॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तिथे पाऊल टाकायचे नाही. गावठाणाच्या हद्दी आखाव्यात तशी ही हद्द आहे. नवख्याने आपले घर याच हद्दीत बांधावे. पुढे कधी भांडण उद्भवत नाही.

ज्यांना लिस्पची भाषा नकोशी वाटते त्यांच्यासाठीही वाट आहे. एफ-३ दाबावे, एकदा हाताने काम करून दाखवावे आणि एफ-४ दाबून थांबावे. मधल्या साऱ्या कळा ईमॅक्स लक्षात ठेवतो आणि एफ-४ पुन्हा दाबताच तेच काम पुन्हा करून दाखवतो. ही नोंद एखाद्या कळेला जोडताही येते. शिकवणाऱ्याने एकदा करून दाखवावे आणि शिकणाऱ्याने तसेच करावे, ही कार्यशाळेतलीच रीत इथे माणूस यंत्राला लावतो.

व्हिममध्ये तत्त्व हेच असले तरी वळण निराळे आहे. तिथे एकाच कळेचा अर्थ अवस्थेप्रमाणे बदलतो. लिहिण्याची अवस्था वेगळी आणि मजकुरात फिरण्याची वेगळी. त्यामुळे कळ ठरवताना ती कोणत्या अवस्थेसाठी, हेही सांगावे लागते. शिवाय नवी कळ जुन्या कळेवर आणि जुनी पुन्हा नवीवर, असे चक्र होऊ नये म्हणून ‘पुढचा अर्थ मूळचाच घे’ असे बजावणारी सूचना वापरणे शहाणपणाचे असते. १९९१ मध्ये ब्राम मूलेनार यांनी पहिल्यांदा प्रसिद्ध केलेला आणि २०२३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनीच सांभाळलेला हा संपादक आज इतर स्वयंसेवक पुढे चालवत आहेत.

मराठीचा पेच

येथवरची हकिकत जगातील कोणालाही लागू पडेल. मराठीत लिहिणाऱ्याचा पेच मात्र निराळा आहे.

भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ ही कळांची मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाण म्हणून पुढे आणली. स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. आणि सर्व भारतीय लिप्यांना एकच मांडणी. तिच्यामागे चांगला विचार आहे. पण या मांडणीत ‘एक्स’ च्या जागी अनुस्वार येतो, ‘सी’ च्या जागी म, ‘व्ही’ च्या जागी न आणि ‘एस’ च्या जागी ए-मात्रा.

आता लिनक्ससारख्या प्रणालीवर कळफलक मराठीत असताना ईमॅक्समध्ये मजकूर जतन करायला जावे, तर काय होते? बोटे सवयीने कंट्रोल-एक्स दाबतात, पण ईमॅक्सपर्यंत पोहोचते ‘कंट्रोल-अनुस्वार’. अशी कळ कोणत्याच नकाशात नसते. पडद्याच्या तळाशी, ही कळ ठरवलेली नाही, असा शेरा उमटतो आणि काम अडते. व्हिममध्ये तर अधिकच फजिती. एच, जे, के, एल या फिरण्याच्या कळांच्या जागी अनुक्रमे प, र, क आणि त ही अक्षरे येतात. फिरायला निघालेला माणूस जागच्या जागी खिळून राहतो. मग प्रत्येक आज्ञेआधी कळफलक इंग्रजीत न्यायचा आणि नंतर पुन्हा मराठीत आणायचा, ही कसरत नशिबी येते. तिला कंटाळून कित्येक जण या संपादकांत मराठी लिहिण्याचा नादच सोडून देतात. मराठीचे नुकसान होते ते इथे. कुणी बंदी घातली म्हणून नव्हे, तर एका कळेची अडचण दूर झाली नाही म्हणून.

वास्तविक उपाय संपादकाच्या पोटातच आहे. कार्यप्रणालीचा कळफलक इंग्रजीतच ठेवावा आणि देवनागरीत लिहिण्याचे काम ईमॅक्सकडे सोपवावे. त्यासाठी ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ आणि रोमन उच्चारांवरून लिहिण्याची ‘देवनागरी-आयट्रान्स’ अशा पद्धती ईमॅक्सबरोबरच मिळतात. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ ही जोडी दाबली की मराठी सुरू, पुन्हा दाबली की बंद. महत्त्वाचे हे की, ही पद्धत केवळ मजकुरात उमटणाऱ्या अक्षरांना लागू होते; कंट्रोल-एक्ससारख्या आज्ञा तिच्या तावडीत सापडत नाहीत. मराठी वाक्य अर्धवट असतानाही मजकूर नेहमीच्याच कळांनी जतन करता येतो. व्हिममध्येही लिहिण्याच्या अवस्थेपुरता लागू होणारा अक्षरांचा तक्ता स्वतः तयार करून जोडता येतो. फिरण्याच्या कळा तेव्हा रोमनच राहतात.

याहून पुढे जाऊन, स्वतःची लेखनपद्धतीही ईमॅक्समध्ये रचता येते. मराठीला याची गरज खास आहे. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतला अर्धा र मराठीचे वैशिष्ट्य मानला जातो. ‘आचार्य’ मधला रफार आणि ‘वाऱ्या’ मधला हा र यांत गल्लत झाली तर शब्दच बदलतो. इनस्क्रिप्टमध्ये त्यासाठी आधी शिफ्टसह जे दाबून नुक्त्याचा ऱ, मग हलन्त आणि मग पुढचे व्यंजन असा क्रम लागतो. तो माहीत नसल्याने अनेक जण भलताच र लिहून मोकळे होतात. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले तेच २००८ मध्ये. त्यापूर्वीच्या मांडण्यांत त्याला घर नव्हते. ईमॅक्समध्ये एक साधा तक्ता लिहून, अमुक दोन कळा लागोपाठ दाबल्या की ‘ऱ्या’ उमटावे आणि तमुक दाबल्या की ‘ॲ’, असे नियम करता येतात. डाव्या बाजूला कळा, उजव्या बाजूला अक्षर. दोन स्तंभांचा हा तक्ता शालेय विद्यार्थ्यालाही समजेल.

मराठीसाठी आणखी एक बारकावा. वाक्याच्या शेवटी नेण्याची ईमॅक्सची आज्ञा मराठी मजकुरात अनेकदा परिच्छेदाच्या टोकाला जाऊन थांबते. कारण, पूर्णविरामानंतर दोन रिकाम्या जागा असतील तरच वाक्य संपले, असा जुना अमेरिकी टंकलेखकांचा दंडक त्यात मुळापासून आहे. मराठीत एकच जागा सोडतात. एका ओळीच्या सूचनेने हा दंडक मोडता येतो. ज्यांना मोडी लिपीची आवड आहे, त्यांच्यासाठी सुखद बातमी अशी की, २९ व्या आवृत्तीपासून ईमॅक्समध्ये मोडी लिहिण्याचीही पद्धत समाविष्ट आहे. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ मध्ये स्थान मिळाले, त्याचे हे फळ.

अतिरेक आणि शिस्त

कळा बदलण्याचा नाद लागला की त्याचा अतिरेकही होतो. काम बाजूला राहते आणि माणूस दिवसचे दिवस हत्यारच परजत बसतो. म्हणून काही पथ्ये पाळलेली बरी.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो बोटांत मुरल्यावरच दुसरा. सवय बोटांची असते, बुद्धीची नव्हे. दहा नव्या कळा एका दिवसात ठरवल्या तर आठवड्याने एकही आठवत नाही. प्रत्येक बदलाशेजारी तो का केला, याची एक ओळ मराठीत लिहून ठेवावी. सुटकेच्या कळांना हात लावू नये. चालू काम रद्द करणारी कंट्रोल-जी आणि मदत मागणारी कंट्रोल-एच या दोन कळा शाबूत असतील तर कोणत्याही घोळातून बाहेर पडता येते.

काही खाचखळगे तांत्रिक आहेत. टर्मिनलमध्ये कंट्रोल-आय आणि टॅब यांचा संकेत एकच असतो. तसाच कंट्रोल-एम आणि एंटर यांचाही. कंट्रोल-आयचा अर्थ बदलला की टॅबही बदलते आणि वापरणारा बुचकळ्यात पडतो. कंट्रोल-स्पेस ही ईमॅक्समधली मजकूर निवडण्याची मूलभूत जोडी. पण काही संगणकांवर भाषा बदलण्यासाठी हीच जोडी राखून ठेवलेली असते आणि ती ईमॅक्सपर्यंत पोहोचतच नाही. मराठीत लिहिणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. अशा वेळी दोन्हींपैकी एकाची कळ बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र सामायिक संगणकाचा. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करायचे असेल, तर प्रत्येकाने आपल्या कळा त्यावर लादून चालणार नाही. सत्तरच्या दशकात ‘टेको’ च्या वापरकर्त्यांवर जी वेळ आली, तीच शाळेच्या संगणक-कक्षात, कार्यालयात वा प्रयोगशाळेत पुन्हा येऊ शकते. त्यावरचा तोडगाही त्याच अनुभवातून निघालेला आहे: सामान्य नकाशा सर्वांचा, त्याला धक्का नको, आपले बदल आपल्या व्यक्तिगत फाइलमध्ये आणि आपल्यासाठी राखलेल्या हद्दीत. ती फाइल साध्या मजकुराची आणि काही किलोबाइटचीच असते. ती बरोबर नेली की कोणत्याही गावच्या संगणकावर आपले हत्यार आपल्या हातात येते. कामावर जाताना सुतार आपली हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघतो, तसेच हे.

हत्यार समजले की

एक प्रश्न उरतो. आजकाल संगणकाला तोंडी सांगितले तरी तो लिहितो, मोबाइलवर बोट फिरवले की शब्द उमटतो. मग कळांचा एवढा खटाटोप कशासाठी? ज्याला दिवसातून दोन ओळींचा निरोप पाठवायचा आहे, त्याला तो अनावश्यकच आहे. पण अनुवादक, मुद्रितशोधक, आज्ञावली लिहिणारे तंत्रज्ञ, संशोधक, वृत्तपत्रातील उपसंपादक यांचे आयुष्य कळफलकावर जाते. त्यांच्या बाबतीत दर तासाला वाचणारी शे-दोनशे कळांची खटखट वर्षाअखेरीस मनगट आणि करंगळी वाचवते. त्याहून महत्त्वाचे, मराठीत काम करताना पदोपदी इंग्रजीचा उंबरठा ओलांडण्याची सक्ती उरत नाही.

याहूनही मोलाचा लाभ वेगळा आहे. ज्याने एका कळेचा अर्थ स्वतः ठरवला, त्याला संगणकाच्या पोटात काय चालते याचा थोडा का होईना अंदाज आला. पुढे एखादी गोष्ट मनाजोगी चालली नाही तर ‘हे असेच असते’ म्हणून तो गप्प बसत नाही. ती कुठे ठरवली आहे, हे तो शोधू लागतो. पाबळच्या कार्यशाळेत पहाराला धार लावणारा किंवा मंडलाची पाटी स्वतः कोरणारा विद्यार्थी जे शिकतो, ते हेच. आपल्या रोजच्या हत्याराला एकदा स्वतः हात लावून पाहण्यासाठी शहरातल्या वाचकाला पाबळपर्यंत जाण्याचीही गरज नाही. कंट्रोल-एच, मग के आणि मग कोणतीही एक कळ. एवढ्यावर सुरुवात होते.